हलाहल कोणी प्यावे? – विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांचे परीक्षण

प्रास्ताविक



कर्नाटकात म्हैसूरपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, कपिला नदीच्या काठी नंजनगूड नावाचे गाव आहे. कपिलेलाच कबिनी असेही म्हणतात. येथील श्रीकंठेश्वराच्या मंदिरामुळे या गावाला ‘दक्षिण काशी’ म्हणून मान मिळाला आहे. वार्षिक जत्रेत येथे पाच रथांचा उत्सव होतो आणि रथ ओढण्यासाठी दूरदूरचे भाविक लोटतात. कन्नड भाषेत ‘नंजु’ म्हणजे विष. विष प्राशन करणारा तो नंजुंड, आणि नंजुंडाचे गाव ते नंजनगूड. म्हणजे गावाच्या नावातच एक गोष्ट सामावलेली आहे.

ती गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. अमृताच्या आशेने देव आणि दानव यांनी समुद्र घुसळला. मंदार पर्वताची रवी झाली, वासुकीची दोरी झाली. परंतु अमृत हाती येण्यापूर्वी हलाहल वर आले. त्या विषाने सृष्टी होरपळू लागली. मंथन करणाऱ्यांपैकी एकही जण पुढे येईना. तेव्हा शंकराने ते विष प्राशन करून कंठात धारण केले.

नंजनगूडला आणखी एक कथा सांगतात. टिपू सुलतानाच्या आवडत्या हत्तीचे डोळे गेले होते. नंजुंडेश्वराच्या कृपेने त्याला पुन्हा दिसू लागले. टिपूने कृतज्ञतेने देवाला पाचूचे लिंग अर्पण केले आणि तो या देवाला ‘हकीम नंजुंड’ म्हणू लागला.

या दोन्ही कथांत चमत्कार आहे. चंद्रावर जाणाऱ्या यानाच्या कथेतही चमत्कार असतो, आणि मंत्राने वारा बांधणाऱ्या जादूगाराच्या कथेतही असतो. मग या कथा एकाच जातीच्या आहेत का? आणि अशी एखादी कथा वाचून झाल्यावर ‘छान आहे’ किंवा ‘पटत नाही’ याहून अधिक काही आपल्याला सांगता येईल का? या पाठात आपण याच प्रश्नांचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

- आख्यायिका, अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांतील फरक उदाहरणांनी स्पष्ट करणे.
- मराठी विज्ञानकथेच्या वाटचालीतील महत्त्वाचे टप्पे सांगणे.
- जगातील निवडक विज्ञानकथा व अद्भुतकथा यांची एका सूत्राच्या आधारे तुलना करणे.
- ठरावीक कसोट्या वापरून एखाद्या कथेचे परीक्षण लिहिणे.

१. एक हत्ती, तीन कथा

नंजनगूडच्या हत्तीचेच उदाहरण घेऊ. आंधळ्या हत्तीला पुन्हा दृष्टी आली, ही घटना तीन प्रकारे सांगता येईल.

पहिला प्रकार आख्यायिकेचा. येथे दृष्टी येते ती देवाच्या कृपेने. कृपा का झाली आणि कशी झाली, हे श्रोता विचारीत नाही. अशा कथेमागे श्रद्धा असते. टिपूसारख्या मुसलमान राजाने हिंदू देवाला ‘हकीम’ म्हणून गौरवावे, ही आठवण जपणे हे या कथेचे मोठे कार्य आहे.

दुसरा प्रकार अद्भुतकथेचा. समजा, एका वैद्याजवळ एक मुळी आहे. तिचा रस घातला की आंधळ्याला दिसू लागते. परंतु प्रत्येक वेळी वैद्याची स्वतःची दृष्टी थोडी मंदावते. असे काही जगात घडत नाही, हे वाचकाला माहीत असते. लेखकालाही ते सत्य आहे असे भासवायचे नसते. मात्र लेखकाने एक नियम घालून दिलेला असतो, आणि कथा त्या नियमाने बांधली जाते. वैद्य हत्तीला बरे करील का? आणि मग उद्या दाराशी आंधळे मूल आले, तर? अद्भुतकथेचे बळ या नियमात असते.

तिसरा प्रकार विज्ञानकथेचा. समजा, एका शास्त्रज्ञाने डोळ्याचे काम करणारे यंत्र बनवले. त्यातील संदेश मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत जातात. हत्तीला दिसू लागते. पण तो जे जे पाहतो, ते दूर बसलेल्या यंत्रचालकालाही दिसते. आता जंगलातील कोणते कळप कोठे पाणी पितात, हे शिकाऱ्यांनाही कळू शकते. येथेही कल्पना आहे. परंतु ती ज्ञात विज्ञानाचा धागा पुढे ओढून केलेली आहे. आज ती गोष्ट साधलेली नसेल, पण का साधणार नाही असे ठामपणे सांगता येत नाही.

थोडक्यात, आख्यायिका श्रद्धेवर उभी असते, अद्भुतकथा लेखकाने घालून दिलेल्या नियमावर, आणि विज्ञानकथा निसर्गनियमांशी नाते राखणाऱ्या गृहीतकावर. या सीमारेषा पक्क्या नाहीत. अनेक चांगल्या कथा सीमेवरच वसलेल्या असतात. तरीही वाचकाने एक पथ्य पाळावे. पुराणकथेत विमान आले म्हणून ती विज्ञानकथा ठरत नाही, आणि विज्ञानकथेत यक्ष आला म्हणून ती पुराणकथा ठरत नाही. समुद्रमंथनात प्रयोगशाळा शोधू लागलो, तर मंथनाच्या कथेतील खरा अर्थ हातचा जातो आणि विज्ञानही हाती लागत नाही.

तो अर्थ कोणता? मोठ्या प्राप्तीसाठी घुसळण केली की अमृताबरोबर विषही वर येते. मग प्रश्न उरतो : ते विष कोणी प्यावे? जगातील उत्तम विज्ञानकथा आणि अद्भुतकथा बहुधा हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत विचारतात. पुढे आपण हे सूत्र हाती धरून चालणार आहोत.

पाठगत प्रश्न १

१. ‘नंजुंड’ या शब्दाचा अर्थ काय?
२. अद्भुतकथेला कोणती गोष्ट बांधून ठेवते?
३. विज्ञानकथेतील गृहीतकाचे नाते कशाशी असते?

२. मराठी विज्ञानकथेची वाट

मराठी वाचकाला अद्भुताची ओढ जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणण्यास आरंभ केला. ‘सुरस आणि चमत्कारिक’ ही जोडी तेव्हापासून आपल्या बोलण्यात रुळली. पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’ ही कादंबरी कित्येक पिढ्यांनी आवडीने वाचली.

विज्ञानकथेचे मराठीतील पहिले पाऊल मात्र दक्षिणेच्या वाटेने पडले. कृष्णाजी नारायण आठल्ये हे कोचीन येथे राहून ‘केरळकोकिळ’ हे मराठी मासिक संपादित करीत. हे मासिक १८८६ मध्ये सुरू झाले. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप १९०० च्या सुमारास याच मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, मलयाळम भाषकांच्या प्रदेशात निघणाऱ्या मासिकाने मराठी वाचकाला चंद्राची वाट दाखवली, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. त्यानंतर १९१५–१६ च्या सुमारास श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा आली. मराठीतील आरंभीच्या स्वतंत्र विज्ञानकथांत तिची गणना होते. भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कादंबऱ्या किशोरवयीन वाचकांसाठी रसाळ मराठीत आणल्या.

मुंबईत १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा भरवल्या. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव खरे नव्हते. खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ते घेतले होते. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांनी आपल्या हस्ताक्षरात उतरवली होती. आपली कथा नावावर नव्हे, गुणांवर जोखली जावी, ही त्यामागची इच्छा. परीक्षणाचा पहिला धडा येथेच मिळतो : कथा वाचताना लेखकाची कीर्ती बाजूला ठेवावी.

नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२१ च्या डिसेंबरात नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, अरुण साधू, शुभदा गोगटे अशा अनेकांनी हा प्रवाह समृद्ध केला. शेजारच्या भाषांतही अशीच वाट पडत होती. कन्नडमध्ये राजशेखर भूसनूरमठ यांनी विज्ञानकथा लिहिल्या. बंगालीत तर जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ साली केशतेलाने वादळ शांत होण्याची गमतीदार कथा लिहिली होती.

३. जगाच्या कथा : विष कोण पितो?

आता जगातील पाच कथा पाहू. प्रत्येकीत मंथन आहे. विषाचे काय होते, याकडे लक्ष ठेवा.

फ्रॅंकेनस्टाइन. इंग्लंडमधील मेरी शेली यांची ही कादंबरी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा लेखिकेचे वय अवघे २० वर्षांचे होते. व्हिक्टर फ्रॅंकेनस्टाइन हा तरुण निर्जीव अवयवांत जीव ओततो. निर्मिलेला प्राणी डोळे उघडतो आणि त्याच क्षणी त्याचा निर्माता घाबरून पळ काढतो. त्या प्राण्याला नावदेखील मिळत नाही. पुष्कळजण चुकून त्यालाच फ्रॅंकेनस्टाइन म्हणतात! प्राणी जन्मतः दुष्ट नसतो. माया न मिळाल्याने आणि सर्वांनी झिडकारल्याने तो सूडाला पेटतो. म्हणजे विष प्रयोगात नव्हते, जबाबदारी टाळण्यात होते. या कादंबरीला २०० वर्षे झाली त्याच वर्षी, २०१८ मध्ये, चीनमधील एका शास्त्रज्ञाने जनुकांत फेरफार केलेली बालके जन्मल्याचे जाहीर केले आणि जगभर खळबळ उडाली. त्या बालकांच्या आयुष्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मेरी शेलींनी आधीच विचारून ठेवला होता.

आर. यू. आर. चेक लेखक कारेल चापेक यांचे हे नाटक १९२० चे आहे. ‘रोबो’ हा शब्द जगाला या नाटकाने दिला. तो सुचवला चापेक यांच्या भावाने, आणि त्याचे मूळ ज्या चेक शब्दात आहे त्याचा अर्थ वेठ, म्हणजे सक्तीचे श्रम. आपल्याकडील वेठबिगार आठवा. नाटकातील रोबो लोखंडी नाहीत. ते कृत्रिम मांसाचे आहेत. माणसे सर्व श्रम त्यांच्यावर सोपवतात आणि अखेर ते उठाव करतात. वेठीचे विष पिणारा कधीतरी भांडे उलटे करतो, असे हे नाटक सांगते.

सुलतानाचे स्वप्न. रुकैया सखावत हुसेन या बंगाली लेखिकेने इंग्रजीत लिहिलेली ही कथा १९०५ मध्ये मद्रासच्या एका महिला मासिकात प्रसिद्ध झाली. स्वप्नात सुलताना अशा देशात जाते, जेथे स्त्रिया राज्य चालवतात आणि पुरुष पडद्यात राहतात. तेथील विदुषींनी सूर्याची उष्णता साठवली आहे, ढगांतून पाणी मिळवले आहे, आणि युद्धही सूर्यकिरणांच्या बळावर जिंकले आहे. कथेतील खरा शोध मात्र यंत्राचा नाही. समाजाची मांडणी उलटी केली तर काय दिसेल, हा तो शोध. पडद्याचे विष रोज कोण पिते, हे वाचकाला हसता हसता कळते.

अर्थसीचा जादूगार. अमेरिकेतील उर्सुला ल ग्विन यांची १९६८ ची ही अद्भुतकादंबरी आहे. तिच्यातील जगाचा नियम असा : प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते आणि ते ज्याला कळते त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते, परंतु प्रत्येक मंत्राने जगाचा तोल ढळतो. गेड हा तरुण जादूगार गर्वाच्या भरात एक काळी छाया जगात आणतो. आधी तो तिच्यापासून पळतो. पुढे तो वळून तिचाच पाठलाग करतो, आणि अखेरीस तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. व्हिक्टर पळाला, गेड वळला. जे आपण वर आणले ते आपले आहे, असे म्हणण्याचे धैर्य गेडने दाखवले. या दोन पुस्तकांची तुलना केली की विज्ञानकथा आणि अद्भुतकथा एकमेकींच्या किती जवळ आहेत, हे कळते.

त्रिपिंड समस्या. चीनचे लिऊ त्सिशिन यांची ही कादंबरी २००६ मध्ये मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या इंग्रजी अनुवादाला २०१५ मध्ये विज्ञानकथेचा मानाचा ‘ह्यूगो’ पुरस्कार मिळाला. परस्परांना ओढणाऱ्या तीन पिंडांची गती कायमची सांगू शकेल असे सर्वसाधारण सूत्र गणितात नाही. या तथ्यावर लेखकाने तीन सूर्यांच्या, सतत उद्ध्वस्त होणाऱ्या एका परग्रहाची कल्पना रचली. परंतु कथेची सुरुवात पृथ्वीवर होते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात डोळ्यांदेखत वडिलांची हत्या पाहिलेली एक शास्त्रज्ञ स्त्री माणसांवरचा विश्वास गमावते आणि परग्रहवासीयांना बोलावणे धाडते. एका माणसावर झालेल्या अन्यायाचे विष पुढे साऱ्या मानवजातीपुढे येऊन उभे राहते.

पाठगत प्रश्न २

१. ‘कृष्णविवर’ ही कथा नारळीकरांनी टोपणनावाने का पाठवली?
२. ‘रोबो’ या शब्दाच्या मुळाशी कोणता अर्थ आहे?
३. व्हिक्टर आणि गेड यांच्या वागण्यात मुख्य फरक कोणता?

४. परीक्षणाच्या पाच कसोट्या

परीक्षण म्हणजे केवळ दोष काढणे नव्हे आणि केवळ स्तुतीही नव्हे. सराफ सोने कसाला लावतो, तसे कथेला काही प्रश्नांच्या कसोटीवर लावून पाहणे म्हणजे परीक्षण.

(अ) गृहीतक : कथा कोणत्या एका कल्पनेवर उभी आहे? ती एका वाक्यात सांगून पाहा. चांगल्या कथेचे गृहीतक बहुधा एकच असते. दर दोन पानांनी नवे यंत्र निघू लागले, तर लेखक अडचणीतून सुटण्यासाठी यंत्रे काढीत आहे, असे समजावे.

(आ) नियम : लेखकाने घातलेला नियम तो स्वतः पाळतो का? विज्ञानकथेत ज्ञात विज्ञानाशी तो कितपत प्रामाणिक आहे, हेही पाहावे. मात्र येथे न्यायबुद्धी हवी. व्हर्नच्या १८६५ च्या कादंबरीत सुमारे २७४ मीटर लांबीच्या तोफेतून प्रवाशांचा गोळा चंद्राकडे झाडतात. पृथ्वीच्या ओढीतून सुटण्यासाठी दर सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग लागतो, हे व्हर्नने अचूक हेरले होते. पण एवढ्या आखूड नळीत तो वेग गाठायचा, तर प्रवाशांच्या अंगावर त्यांच्या वजनाच्या सुमारे २२ हजार पट भार येईल! ते जागीच चिरडले जातील. म्हणून कथा टाकाऊ ठरते का? नाही. उड्डाणाची जागा त्याने विषुववृत्ताकडे झुकलेल्या फ्लोरिडात निवडली होती, आणि १९६९ मध्ये चंद्रावर माणूस उतरवणारे यानही फ्लोरिडातूनच सुटले. परीक्षकाने चूक दाखवावी, तशीच दूरदृष्टीही दाखवावी.

(इ) किंमत : मिळालेल्या शक्तीची किंमत कोण मोजते? हाच आपला हलाहलाचा प्रश्न. ज्या कथेत नायकाला सारे फुकट मिळते, ती कथा वाचून झाल्यावर मनात टिकत नाही.

(ई) माणसे : यंत्र काढून घेतले तर पात्रांत काही उरते का? त्यांना भीती, लोभ, माया, लाज आहे का? की ती फक्त सिद्धांत समजावून सांगण्यासाठी बोलतात?

(उ) भाषा : पारिभाषिक शब्द कथेत विरघळले आहेत की खड्यांसारखे दाताखाली येतात? अनुवाद असेल तर तो मराठीच्या वळणाचा आहे का?

५. नमुना परीक्षण

जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही प्रसिद्ध कथा आहे. तिचे ‘द अ‍ॅडव्हेंचर’ हे इंग्रजी रूप अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातूनही देशभरच्या विद्यार्थ्यांनी वाचले. वरील कसोट्या लावून तिचे परीक्षण करू.

*कथेचा सारांश :* गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक. एका अपघातानंतर ते वेगळ्याच जगात जाऊन पोहोचतात. तेथे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी अगदी निसटती जाते आणि मराठ्यांचा विजय होतो. पुढचा इतिहास बदलतो. हिंदुस्थानावर इंग्रजांचे राज्य येत नाही. पंत ग्रंथालयात बसून हा बदललेला इतिहास वाचतात. परत आपल्या जगात आल्यावर त्यांच्याजवळ त्या जगातील पुस्तकाचे एक पान उरते. त्यांचे शास्त्रज्ञ मित्र राजेंद्र या अनुभवाची उपपत्ती सांगतात.

*परीक्षण :* ‘असे झाले असते तर?’ हा प्रश्न पानिपताविषयी मराठी माणसाने ओट्यावर, पारावर असंख्य वेळा विचारला आहे. नारळीकरांनी तो विज्ञानाच्या अंगणात आणला, हे या कथेचे मोठे यश. गृहीतक एकच आहे आणि ते स्वच्छ आहे : सूक्ष्म कणांच्या जगात अनेक शक्यता संभवतात; त्यांपैकी एकच आपल्या वाट्याला येते, पण दुसरीही कोठे तरी खरी असू शकेल. एका गोळीच्या केसभर अंतराने साऱ्या देशाचे भवितव्य बदलावे, ही योजना त्या गृहीतकाला शोभणारी आहे.

नियमाच्या बाबतीत कथा सावध आहे. पंत त्या जगात फार काळ राहत नाहीत, आणि हाती पुरावा म्हणून केवळ एक पान उरते. सूक्ष्म कणांचे नियम रणांगणासारख्या मोठ्या घटनेला तसेच्या तसे लावता येतील का, हा आक्षेप शास्त्राचा जाणकार घेईल, आणि तो रास्त आहे. परंतु कथेने ते सिद्ध झाल्याचा दावा केलेला नाही.

किंमतीचा प्रश्न येथे वेगळ्या रीतीने येतो. पराभवाचे विष आपण सर्वांनी पिढ्यान्‌पिढ्या कंठात धरले आहे. ते नसते तर आपण सुखी झालो असतो का? लेखक जिंकलेल्या मराठ्यांना केवळ तलवारबहाद्दर ठेवीत नाही. त्या जगातील राज्यकर्ते युरोपातील विज्ञानाचे महत्त्व ओळखतात, म्हणून त्यांचा विजय टिकतो. लढाई जिंकणे पुरेसे नाही, हे कथेचे न बोललेले तात्पर्य आहे.

उणिवाही आहेत. शेवटी राजेंद्रांचे स्पष्टीकरण लांबते आणि कथा क्षणभर व्याख्यान होते. स्त्रीपात्रांना जवळजवळ वाव नाही. बदललेल्या इतिहासात शेतकऱ्याचे, विणकराचे काय झाले, हे ग्रंथालयात बसलेल्या पंतांना दिसत नाही. तरीही भाषा साधी आणि प्रसन्न आहे. कथा वाचून झाल्यावर इतिहासाच्या पुस्तकाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. यापेक्षा अधिक काय हवे?

या परीक्षणात काय केले, ते नीट पाहा. सारांश थोडक्यात दिला, प्रत्येक मताला कथेतील आधार दिला, आणि उणीव सांगताना लेखकावर नव्हे, कथेवर बोट ठेवले.

६. परीक्षण कशासाठी?

कोणी विचारील, मनोरंजनासाठी वाचलेल्या कथेची एवढी चिकित्सा कशाला? त्याचे उत्तर नंजनगूडजवळच सापडेल. ज्या गावाच्या देवाने विष पचवले असे मानतात, त्याच गावाच्या परिसरात आज मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिने हातांना काम दिले. पण कारखाना कोठलाही असो, मालाबरोबर सांडपाणीही बाहेर पडते आणि धूरही. संगणक, औषधे, जनुकशास्त्र, कृत्रिम बुद्धिमत्ता अशी मंथने आपल्या काळात चहूकडे चालू आहेत. त्यांत अमृत किती, विष किती, आणि ते विष कोणाच्या वाट्याला जाणार, हे ठरवण्याची वेळ नागरिक म्हणून आपल्यावर येणार आहे. पुराणात शंकर धावून आले. विज्ञानकथेत मात्र धावून येणारे कोणी नसते; तेथे निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. कथेतील निर्णय पारखण्याची सवय जडली, तर जीवनातील निर्णयही आपण अधिक जाणतेपणाने पारखू.

तुम्ही काय शिकलात?

- आख्यायिका श्रद्धेवर, अद्भुतकथा लेखकाच्या नियमावर आणि विज्ञानकथा निसर्गनियमांशी नाते राखणाऱ्या गृहीतकावर उभी असते.
- मराठी विज्ञानकथेची वाट ‘केरळकोकिळ’ मासिकातील अनुवादापासून सुरू होऊन श्री. बा. रानडे, भा. रा. भागवत, जयंत नारळीकर यांच्यामार्फत पुढे रुंदावली.
- मिळालेल्या शक्तीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न देशोदेशींच्या कथांत समान आहे.
- गृहीतक, नियम, किंमत, माणसे आणि भाषा या परीक्षणाच्या पाच कसोट्या आहेत.

पाठान्त प्रश्न

१. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांतील फरक तुमच्या स्वतःच्या एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘विष प्रयोगात नव्हते, जबाबदारी टाळण्यात होते.’ हे विधान ‘फ्रॅंकेनस्टाइन’च्या आधारे विशद करा.
३. व्हर्नच्या चंद्रप्रवासातील एक चूक आणि एक अचूक अंदाज सांगा. परीक्षकाने दोन्ही का नोंदवावेत?
४. ‘सुलतानाचे स्वप्न’ या कथेतील खरा शोध कोणता, ते तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या गावाच्या नावामागे किंवा देवस्थानामागे एखादी कथा असेल, तर ती वडीलधाऱ्यांकडून ऐका व लिहून काढा. त्याच प्रसंगावरून एक अद्भुतकथा आणि एक विज्ञानकथा रचा. प्रत्येकी दहा ओळी पुरेत.
६. तुम्ही वाचलेल्या कोणत्याही एका विज्ञानकथेचे पाच कसोट्यांच्या आधारे २०० शब्दांत परीक्षण लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

*पाठगत प्रश्न १ :* (१) विष प्राशन करणारा. (२) लेखकाने घालून दिलेला नियम. (३) निसर्गनियमांशी, म्हणजे ज्ञात विज्ञानाशी.

*पाठगत प्रश्न २ :* (१) कथा नावावर नव्हे, गुणांवर जोखली जावी म्हणून. (२) वेठ, म्हणजे सक्तीचे श्रम. (३) व्हिक्टर आपल्या निर्मितीपासून पळाला. गेडने वळून आपण आणलेल्या छायेला स्वतःचे नाव दिले व तिची जबाबदारी स्वीकारली.